ललिता बाबर

ललिता शिवाजी बाबर (जन्म : २ जून १९८९) या भारतीय धावपटू आहेत. त्यांनी लांब पल्ल्याच्या धावण्यात, प्रामुख्याने मॅरेथॉन आणि ३,००० मीटर स्टीपलचेस या प्रकारांत, भारताचे प्रतिनिधित्व केले. महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही हे त्यांचे मूळ गाव. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसमध्ये कांस्यपदक आणि २०१५ च्या वुहान आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०१६ च्या रिओ दि जानेरो ऑलिंपिकमध्ये त्या याच प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी लॉस एंजेलिस येथे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली होती. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक प्रकारात अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबर या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०१६ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्काराने गौरवण्यात आले. मराठी वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख 'माणदेशी एक्सप्रेस' असा केला आहे.

पार्श्वभूमी

माण तालुका सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या महाबळेश्वरात देशातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक ठिकाण आहे. माणमध्ये मात्र पाऊस अल्प आणि अनियमित असतो. माण नदीच्या खोऱ्यातील या भागाला आणि लगतच्या दुष्काळी तालुक्यांना मिळून माणदेश म्हणतात. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, मेंढपाळी आणि कामासाठी होणारे स्थलांतर ही या प्रदेशाची दीर्घकालीन वैशिष्ट्ये आहेत. ललिता बाबर यांचा जन्म मोही येथील शेतकरी कुटुंबात झाला.

सातारा जिल्ह्याला ऑलिंपिकची जुनी परंपरा आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक प्रथम मिळवून देणारे कुस्तीगीर खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे होते. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. धावण्याच्या क्षेत्रात जिल्ह्याचे नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर ठळकपणे नोंदले गेले ते मात्र बाबर यांच्या कामगिरीमुळे. रस्ता आणि मैदान यांखेरीज फारशी साधने न लागणारा लांब पल्ल्याच्या धावण्याचा प्रकार ग्रामीण महाराष्ट्रातील मुलींना तुलनेने सहज उपलब्ध होता. कविता राऊत, ललिता बाबर, ज्योती गवते अशा अनेक धावपटू या राज्यातून पुढे आल्या, त्याचे हे एक कारण आहे.

प्रारंभीची कारकीर्द आणि मॅरेथॉन

बाबर यांनी सुरुवातीपासून लांब पल्ल्याच्या शर्यतींवर लक्ष केंद्रित केले. २००५ मध्ये पुण्यात झालेल्या २० वर्षांखालील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे त्या भारतीय रेल्वेच्या सेवेत रुजू झाल्या. खेळाडूंना नोकरी, सरावासाठी वेळ आणि आंतररेल्वे व राष्ट्रीय स्पर्धांत उतरण्याची संधी देणारी रेल्वे ही भारतीय महिला क्रीडापटूंसाठी फार पूर्वीपासून महत्त्वाची संस्था राहिली आहे.

त्यांचे नाव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले ते मुंबई मॅरेथॉनमुळे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत परदेशी धावपटूंसह एकूण क्रमवारी लावली जाते, त्याचप्रमाणे भारतीय धावपटूंचीही स्वतंत्र क्रमवारी असते. भारतीय महिलांच्या गटात बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला. २०१४ मध्ये त्यांनी ४२.१९५ किलोमीटरचे अंतर २ तास ५० मिनिटे ३१ सेकंदांत पूर्ण केले.

देशांतर्गत पातळीवर हे यश मोठे होते, परंतु आंतरराष्ट्रीय पदकाच्या दृष्टीने ही वेळ पुरेशी नव्हती. त्या काळात आफ्रिकी धावपटू महिला मॅरेथॉन अडीच तासांच्या आत सहज पूर्ण करत होत्या. आशियातही जपान, चीन आणि आफ्रिकी वंशाच्या धावपटूंना संघात घेणारे बहारीन यांचे वर्चस्व होते. मुंबईतील तिसऱ्या विजेतेपदानंतर बहुक्रीडा स्पर्धेत पदक मिळवण्याचे ध्येय ठेवून बाबर ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. रस्त्यावरच्या ४२ किलोमीटरच्या शर्यतीकडून मैदानावरच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीकडे वळणे हा असामान्य निर्णय होता. बहुतेक धावपटूंचा प्रवास याच्या उलट दिशेने होतो. तरुणपणी मैदानावरील मध्यम अंतराच्या शर्यती आणि वेग ओसरू लागल्यावर मॅरेथॉन, असा तो क्रम असतो.

स्टीपलचेस : क्रीडाप्रकाराचे स्वरूप

स्टीपलचेस ही लांब पल्ल्याची अडथळ्यांची शर्यत आहे. ३,००० मीटरच्या अंतरात धावपटूला २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या पार कराव्या लागतात. प्रत्येक पूर्ण फेरीत पाच अडथळे असतात आणि त्यांपैकी चौथ्या अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, तर पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर असते. पाण्याच्या खड्ड्याची लांबी ३.६६ मीटर असून त्याचा तळ अडथळ्याजवळ सर्वांत खोल असतो आणि पुढे उताराने वर येत मैदानाच्या पातळीला मिळतो. त्यामुळे जो धावपटू लांब उडी घेतो त्याचे पाऊल उथळ पाण्यात पडते आणि त्याचा वेग कमी खर्ची पडतो.

लहान अंतराच्या अडथळा शर्यतीतील अडथळा पाय लागल्यास कोसळतो. स्टीपलचेसचा अडथळा मात्र ८० ते १०० किलो वजनाचा, रुंद व भक्कम लाकडी तुळईचा असतो आणि तो पडत नाही. धावपटू त्यावर पाय ठेवून पुढे जाऊ शकतो, पण अंदाज चुकला तर पडतो तो धावपटूच. शिवाय अडथळे प्रत्येकाच्या स्वतंत्र मार्गिकेत नसतात. सर्व धावपटू एकाच अडथळ्यावर घोळक्याने येतात, त्यामुळे समोरच्याच्या पाठीमुळे अडथळा उशिरा दिसतो. शर्यत पुढे सरकते तसे पाय थकतात, बूट भिजून जड होतात आणि उडीपूर्वीच्या पावलांचे गणित बिघडू लागते. म्हणूनच या प्रकारात दमसास, वेग आणि उडीचे तंत्र या तिन्ही गोष्टी लागतात. मॅरेथॉनमधून आलेल्या बाबर यांच्याकडे दमसासाची बाजू भक्कम होती. वेग आणि तंत्र या दोन बाजू त्यांना नव्याने घडवाव्या लागल्या.

पुरुषांसाठी ही शर्यत विसाव्या शतकाच्या आरंभापासून ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांसाठी मात्र ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रथम २००५ मध्ये हेलसिंकी येथे आणि ऑलिंपिकमध्ये प्रथम २००८ मध्ये बीजिंग येथे घेण्यात आली. म्हणजे बाबर या प्रकारात उतरल्या तेव्हा महिलांची ही शर्यत जागतिक पातळीवर एक दशकही जुनी नव्हती. भारतासारख्या देशाला अशा नव्या प्रकारात आशियाई पातळीवर स्थान मिळवण्याची संधी जुन्या प्रकारांपेक्षा अधिक होती. २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या स्टीपलचेसचा प्रथमच समावेश झाला आणि उत्तर प्रदेशच्या सुधा सिंग यांनी ९ मिनिटे ५५.६७ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. २०१३ मध्ये पुण्यात झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही सुधा सिंग यांना रौप्यपदक मिळाले. बाबर यांच्यासमोरचा पहिला मापदंड या धावपटूच्या रूपाने देशातच उपलब्ध होता.

प्रशिक्षण

राष्ट्रीय प्रशिक्षण शिबिरात बाबर यांना बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव यांचे मार्गदर्शन लाभले. स्नेसारेव यांनी भारताच्या मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूंना प्रदीर्घ काळ प्रशिक्षण दिले. ओ. पी. जैशा आणि सुधा सिंग यांनीही त्यांच्या हाताखाली सराव केला. कठोर शिस्त आणि सरावातील किलोमीटरची मोठी संख्या यांसाठी ते ओळखले जात. ५ मार्च २०२१ रोजी पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांचे निधन झाले. एकाच शिबिरात देशातील अव्वल धावपटू एकत्र सराव करत असल्यामुळे रोजचा सरावही त्यांच्यासाठी स्पर्धेच्या दर्जाचा असे. पुढील दोन वर्षांत भारतीय महिलांच्या वेळा ज्या झपाट्याने सुधारल्या त्यात या व्यवस्थेचा वाटा होता.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धा, २०१४

सप्टेंबर २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे झालेली आशियाई क्रीडा स्पर्धा ही स्टीपलचेसमधील बाबर यांची पहिली मोठी परीक्षा होती. शर्यतीत बहारीनच्या रूथ जेबेट यांनी ९ मिनिटे ३१.३६ सेकंद वेळेसह अंतिम रेषा प्रथम ओलांडली. त्यांच्यामागे चीनच्या ली झेनझू (९:३५.२३), ललिता बाबर (९:३५.३७) आणि सुधा सिंग (९:३५.६४) या तिघींनी जवळजवळ एकाच वेळी शर्यत संपवली. दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर होते.

शर्यतीनंतर जेबेट यांना मार्गिकेच्या नियमभंगावरून बाद ठरवण्यात आले. त्यामुळे बाबर यांचा क्रमांक दुसरा आणि सुधा सिंग यांचा तिसरा झाला. हा निर्णय पुढे बदलला गेला आणि जेबेट यांचे सुवर्णपदक कायम राहिले. अंतिम निकालात बाबर यांना कांस्यपदक मिळाले, तर सुधा सिंग यांचे पदक हुकले. बाबर यांची वेळ हा नवा राष्ट्रीय विक्रम होता. त्यापूर्वीचा विक्रम सुधा सिंग यांच्या नावावर होता.

मुंबई मॅरेथॉन, २०१५

स्टीपलचेसकडे वळल्यानंतरही बाबर यांनी मॅरेथॉन पूर्णपणे सोडली नाही. जानेवारी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये ओ. पी. जैशा (२ तास ३७ मिनिटे २९ सेकंद) पहिल्या, बाबर (२ तास ३८ मिनिटे २१ सेकंद) दुसऱ्या आणि सुधा सिंग तिसऱ्या आल्या. विजेतेपद हुकले असले तरी बाबर यांची ही वेळ त्यांच्या २०१४ च्या विजेत्या वेळेपेक्षा १२ मिनिटांहून अधिक सरस होती. मैदानावरील वेगाच्या सरावाचा मॅरेथॉनलाही लाभ होतो, हे या निकालातून दिसून आले. या वेळेच्या बळावर जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या मॅरेथॉनचा मार्गही त्यांच्यासाठी मोकळा झाला होता. परंतु त्यांनी स्टीपलचेसलाच प्राधान्य दिले.

वुहान आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, २०१५

जून २०१५ मध्ये चीनमधील वुहान येथे बाबर यांनी ९ मिनिटे ३४.१३ सेकंद वेळेसह आशियाई अजिंक्यपद जिंकले. हा स्पर्धेचा आणि भारताचाही नवा विक्रम होता. रिओ ऑलिंपिकसाठी महिलांच्या स्टीपलचेसची पात्रता वेळ ९ मिनिटे ४५ सेकंद ठरवण्यात आली होती. वुहानमधील कामगिरीने ही अट पूर्ण झाल्यामुळे ऑलिंपिकच्या सुमारे १४ महिने आधीच त्यांचे स्थान निश्चित झाले. शेवटच्या क्षणापर्यंत पात्रता वेळेच्या मागे धावावे न लागल्याने पुढील तयारी अंतिम ध्येय समोर ठेवून आखता आली.

बीजिंग जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, २०१५

ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगच्या 'बर्ड्‌स नेस्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पात्रता फेरीत बाबर यांनी ९ मिनिटे २७.८६ सेकंद वेळ नोंदवून स्वतःचा राष्ट्रीय विक्रम सहा सेकंदांहून अधिक फरकाने सुधारला. जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

२६ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम फेरीत केनियाच्या हायविन कियेंग यांनी ९ मिनिटे १९.११ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. पहिल्या तीन क्रमांकांत केवळ ०.१४ सेकंदाचे अंतर होते. बाबर ९ मिनिटे २९.६४ सेकंद वेळेसह आठव्या आल्या. याच स्पर्धेत महिला मॅरेथॉनमध्ये जैशा यांनी १८ वा आणि सुधा सिंग यांनी १९ वा क्रमांक मिळवला. जैशा यांची २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंद ही वेळ नवा राष्ट्रीय विक्रम ठरली. त्यामुळे भारतीय महिलांच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या इतिहासात ही स्पर्धा महत्त्वाची मानली जाते.

रिओ ऑलिंपिक, २०१६

एप्रिल २०१६ मध्ये नवी दिल्लीतील फेडरेशन चषक स्पर्धेत बाबर यांनी राष्ट्रीय विक्रम ९ मिनिटे २७.०९ सेकंदांवर आणला. चार महिन्यांनी, १३ ऑगस्ट २०१६ रोजी, रिओ ऑलिंपिकमधील पात्रता फेऱ्या झाल्या. एकूण तीन शर्यतींपैकी प्रत्येकीतील पहिल्या तीन धावपटूंना आणि उर्वरितांपैकी सर्वांत वेगवान सहा जणींना अंतिम फेरीत प्रवेश मिळणार होता. दुसऱ्या शर्यतीत बाबर चौथ्या आल्या. त्यामुळे त्यांचा प्रवेश क्रमांकावर नव्हे, तर वेळेवर ठरणार होता. ही वेळ होती ९ मिनिटे १९.७६ सेकंद. तीनही शर्यतींतील सर्व धावपटूंमध्ये ती सातवी ठरली आणि त्यांचा अंतिम फेरीतील प्रवेश निश्चित झाला. सुधा सिंग यांचे आव्हान मात्र पात्रता फेरीतच संपुष्टात आले.

एका शर्यतीत राष्ट्रीय विक्रमात सात सेकंदांहून अधिक सुधारणा होणे या पातळीवर क्वचित घडते. या वेळेचा अर्थ असा, की बाबर यांनी प्रत्येक किलोमीटर सरासरी ३ मिनिटे ७ सेकंदांच्या आत आणि ४०० मीटरचे अंतर सरासरी सुमारे ७५ सेकंदांत पार केले, आणि तेही ३५ अडथळ्यांसह. आदल्या वर्षी बीजिंगमध्ये जागतिक विजेतेपद मिळवून देणाऱ्या वेळेपेक्षा ही वेळ केवळ ०.६५ सेकंदाने अधिक होती. अर्थात अंतिम फेरी पुष्कळदा डावपेचांनी, सुरुवातीला संथ गतीने धावली जाते. त्यामुळे दोन स्पर्धांतील वेळांची थेट तुलना मर्यादित अर्थानेच करता येते.

अंतिम फेरी १५ ऑगस्ट रोजी सकाळी, म्हणजे भारतीय वेळेनुसार स्वातंत्र्यदिनी संध्याकाळी, झाली. तोपर्यंत रिओमध्ये भारताच्या खात्यात एकही पदक जमा झालेले नव्हते, त्यामुळे देशभर या शर्यतीकडे लक्ष लागले होते. पात्रता फेरीत पडझडीचा फटका बसलेल्या तीन धावपटूंना दाद मागितल्यावर प्रवेश मिळाल्याने अंतिम फेरीत १५ ऐवजी १८ जणी धावल्या. रूथ जेबेट यांनी वेगवान गती राखून ८ मिनिटे ५९.७५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. केनियाच्या हायविन कियेंग (९:०७.१२) यांना रौप्य आणि अमेरिकेच्या एमा कोबर्न (९:०७.६३) यांना कांस्यपदक मिळाले. बाबर ९ मिनिटे २२.७४ सेकंद वेळेसह दहाव्या आल्या. दोन दिवसांपूर्वीच्या विक्रमी वेळेपेक्षा ही वेळ तीन सेकंदांनी कमी पडली. तरीही ती त्यांच्या कारकिर्दीतील दुसरी सर्वोत्तम वेळ होती.

राष्ट्रीय विक्रमाची वाटचाल

बाबर यांनी दोन वर्षांहून कमी कालावधीत महिलांच्या ३,००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम पाच वेळा नोंदवला :

• ९:३५.३७ – आशियाई क्रीडा स्पर्धा, इंचॉन, सप्टेंबर २०१४
• ९:३४.१३ – आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, वुहान, जून २०१५
• ९:२७.८६ – जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, बीजिंग, ऑगस्ट २०१५
• ९:२७.०९ – फेडरेशन चषक, नवी दिल्ली, एप्रिल २०१६
• ९:१९.७६ – ऑलिंपिक, रिओ दि जानेरो, ऑगस्ट २०१६

पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत १५.६१ सेकंदांचा फरक आहे. या पाचपैकी चार विक्रम परदेशात, मोठ्या स्पर्धांमध्ये नोंदवले गेले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. भारतीय ॲथलेटिक्समध्ये देशांतर्गत स्पर्धेत उत्तम वेळ नोंदवायची आणि जागतिक स्पर्धेत ती गाठता यायची नाही, असा अनुभव अनेकदा येतो. बाबर यांच्या बाबतीत स्पर्धा जितकी मोठी तितकी वेळ सरस, असा उलट क्रम दिसतो.

रिओतील विक्रम सात वर्षे अबाधित राहिला. २७ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्ट येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत उत्तर प्रदेशच्या पारुल चौधरी यांनी ९ मिनिटे १५.३१ सेकंद वेळ नोंदवून तो मोडला. त्या शर्यतीत पारुल यांना ११ वा क्रमांक मिळाला.

ऑलिंपिक अंतिम फेरीचे महत्त्व

'३२ वर्षांनंतर अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला' असा बाबर यांचा उल्लेख वारंवार केला जातो. या विधानाची व्याप्ती नेमकी समजून घेणे आवश्यक आहे. १९८४ ते २०१६ या काळात भारतीय महिला ॲथलेटिक्सच्या अंतिम फेरीत पोहोचल्याच नाहीत, असा त्याचा अर्थ नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लांब उडीत अंजू बॉबी जॉर्ज आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत कृष्णा पुनिया अंतिम फेरीत होत्या, परंतु हे मैदानी प्रकार आहेत. अथेन्समध्येच भारताच्या महिला संघाने ४ × ४०० मीटर रिलेची अंतिम फेरी गाठली होती, पण ती सांघिक शर्यत होती. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत मात्र लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत एक शतांश सेकंदाने कांस्यपदक हुकलेल्या पी. टी. उषा यांच्यानंतर बाबर यांचेच नाव येते.

लांब पल्ल्याच्या दृष्टीने हे अंतर आणखी स्पष्ट होते. रिओतील महिला मॅरेथॉनमध्ये जैशा ८९ व्या आणि कविता राऊत १२० व्या क्रमांकावर राहिल्या. आशियाई पातळीवर पदके जिंकणाऱ्या धावपटूंनाही ऑलिंपिकमध्ये पहिल्या पन्नासात येणे अवघड जाते, या पार्श्वभूमीवर दहावा क्रमांक पाहावा लागतो.

महाराष्ट्रातील समकालीन महिला धावपटू

बाबर यांची कारकीर्द महाराष्ट्रातील महिला धावपटूंच्या एका व्यापक परंपरेचा भाग आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकून त्या रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरल्या. नाशिकच्याच संजीवनी जाधव यांनी २०१७ च्या भुवनेश्वर आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले, तर मोनिका आथरे यांनी त्याच वर्षी लंडन येथील जागतिक स्पर्धेत मॅरेथॉनमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले.

मराठवाड्यातून पुढे आलेल्या धावपटूंमध्ये परभणीच्या ज्योती गवते यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ज्या मुंबई मॅरेथॉनने बाबर यांना ओळख दिली तिच्याच भारतीय महिला गटात गवते यांनी २०१७ मध्ये २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत विजेतेपद मिळवले. २०१९ आणि २०२० मध्ये त्या सुधा सिंग यांच्यापाठोपाठ दुसऱ्या आल्या. २०१९ मधील त्यांची वेळ २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद होती. मैदानी शर्यतीकडे वळलेल्या बाबर यांच्या उलट गवते मॅरेथॉनमध्येच टिकून राहिल्या. पुणे, नाशिक किंवा मुंबई यांसारख्या प्रस्थापित क्रीडाकेंद्रांपासून दूर असलेल्या जिल्ह्यातील धावपटू राष्ट्रीय स्तरावर अनेक वर्षे सातत्य राखू शकते, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवले.

मराठवाड्याच्याच बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात जन्मलेल्या अविनाश साबळे यांनी पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये २०२३ च्या हांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. महिला आणि पुरुष अशा दोन्ही गटांत ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत पोहोचलेले पहिले भारतीय धावपटू अशा प्रकारे महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील दोन गावांतून आलेले आहेत.

पुरस्कार आणि शासकीय सेवा

२०१६ मध्ये भारत सरकारने बाबर यांना अर्जुन पुरस्कार प्रदान केला. ऑलिंपिकमधील कामगिरीची दखल घेऊन महाराष्ट्र शासनाने त्यांची उपजिल्हाधिकारी संवर्गात थेट नियुक्ती केली आणि त्यांनी महसूल प्रशासनात कामास सुरुवात केली. रिओनंतर त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून दूर राहिल्या. २०१७ मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पुढच्याच आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक सुधा सिंग यांनी भारताकडे राखले. बाबर यांच्या जीवनावर आधारित मराठी चित्रपटाची घोषणा २०२२ मध्ये करण्यात आली. त्यात त्यांच्या भूमिकेसाठी अभिनेत्री अमृता खानविलकर यांची निवड झाली.

योगदान

स्टीपलचेसमधील बाबर यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द केवळ तीन मोसमांची होती. इतक्या अल्प काळात त्यांनी आशियाई विजेतेपद, जागतिक स्पर्धेतील आठवा आणि ऑलिंपिकमधील दहावा क्रमांक मिळवला. ग्वांगझू येथील सुधा सिंग यांच्या सुवर्णपदकापासून हांगझू येथे २०२३ मध्ये पारुल चौधरी यांनी मिळवलेल्या रौप्यपदकापर्यंत, प्रत्येक आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या स्टीपलचेसमध्ये भारताला पदक मिळाले आहे. बाबर यांचे कांस्यपदक हा या मालिकेतील दुसरा दुवा आहे. ग्वांगझूमध्ये सुवर्णपदकाला पुरेशी ठरलेली वेळ आणि रिओत बाबर यांनी नोंदवलेली वेळ यांत सुमारे ३६ सेकंदांचे अंतर आहे. भारतीय महिलांनी या प्रकारात सहा वर्षांत आशियाई पातळीवरून जागतिक पातळीपर्यंत केलेल्या वाटचालीचे ते मोजमाप आहे.